काचेला रंग दाखवणारा मास्तर : हेर्मान विल्हेल्म फोगेल

जुन्या वाड्यांमध्ये, भिंतीवर वरच्या बाजूला, काळपट चौकटीतले पणजोबा-पणजीचे फोटो असतात. एखादा फोटो नीट बघा. पणजीच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू चक्क काळं दिसतं, काजळासारखं. आता फोटोच कृष्णधवल, त्यात नवल काय, असं कोणीही म्हणेल. पण कृष्णधवल फोटोतही लाल आणि काळा यांत फरक दिसायला हवा. डोळ्यांना लाल रंग काही काळा दिसत नाही. मग फोटोत का? कारण त्या काळच्या प्लेटला लाल रंग दिसतच नव्हता. तिच्या लेखी लाल म्हणजे अंधार.

आणि त्याच्याही आधी, म्हणजे १८७३ पर्यंत, फोटोच्या प्लेटला हिरवा आणि पिवळासुद्धा जवळजवळ दिसत नव्हता. तिला दिसायचे ते फक्त निळा, जांभळा आणि आपल्याला न दिसणारे अतिनील किरण. या आंधळ्या काचेला पहिल्यांदा रंग दाखवले ते बर्लिनच्या एका तंत्रशिक्षण संस्थेतल्या मास्तरांनी. त्यांचं नाव हेर्मान विल्हेल्म फोगेल. फोटोग्राफीच्या इतिहासात हे नाव मोठं आहे, पण आपल्या सिलॅबसमध्ये ते कुठेच येत नाही. आलंच तर त्याच काळातल्या हेर्मान कार्ल फोगेल या खगोलशास्त्रज्ञाशी गल्लत होते. दोघेही जर्मन, दोघेही वर्णपटाच्या मागे लागलेले. आपले फोगेल मात्र केमिस्ट्रीचे.

मित्रांनो, त्यांची गोष्ट सांगायची ती एका रीडिंगसाठी. थिअरीप्रमाणे येऊच नये असं एक रीडिंग त्यांच्या हातात आलं आणि त्यांनी ते सोडून दिलं नाही. त्याचं संपूर्ण स्पष्टीकरण जगाला सापडायला मात्र पुढे अनेक दशकं लागली.

सुरुवात

फोगेल यांचा जन्म २६ मार्च १८३४ चा, प्रशियातल्या डोब्रिलुक नावाच्या लहानशा गावातला. शिक्षण बर्लिनच्या रॉयल इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटमध्ये झालं. तिथे रामेल्सबर्ग या नामवंत रसायनतज्ज्ञांचं मार्गदर्शन त्यांना मिळालं. नंतर काही वर्षं त्यांनी बर्लिन विद्यापीठाच्या खनिज संग्रहालयात सहायकाची नोकरी केली. १८६३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता सिल्व्हर क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड ही चांदीची संयुगं प्रकाशात कशी वागतात.

आज हा विषय साधा वाटेल. पण त्या काळी फोटोग्राफी हा कारागिरांचा धंदा होता. कोण काय मिसळतो, किती वेळ ठेवतो, ही सगळी घराण्याची गुपितं. विद्यापीठातल्या मंडळींना त्यात शास्त्र दिसत नव्हतं आणि स्टुडिओवाल्यांना शास्त्राची गरज वाटत नव्हती. फोगेल यांनी या दोघांमध्ये पूल बांधायचं ठरवलं. १८६३ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये फोटोग्राफर मंडळींची संस्था काढली, १८६४ मध्ये त्यांचं मासिक सुरू केलं, आणि त्याच वर्षी आपल्याच जुन्या संस्थेत फोटोग्राफी हा विषय शिकवायला सुरुवात केली. १८७९ मध्ये ही संस्था दुसऱ्या एका संस्थेशी जोडली जाऊन शार्लोटेनबुर्गची टेक्निकल हायस्कूल झाली. नावात हायस्कूल असलं तरी ते आपल्यासारखंच, किंबहुना बरंच मोठं, इंजिनिअरिंग कॉलेज. आजच्या बर्लिन टेक्निकल युनिव्हर्सिटीचं मूळ तेच. थोडक्यात काय, हा माणूस आपल्याच जातकुळीतला.

काचेचं आंधळेपण

त्या काळची अडचण नीट समजून घेऊ, म्हणजे पुढची गंमत कळेल.

प्लेट म्हणजे काचेवर चिकट कलोडियनचा थर आणि त्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडसारखी चांदीची संयुगं. प्रकाश पडला की त्यांच्यात सूक्ष्म बदल होतो, आणि डेव्हलपरमध्ये टाकल्यावर तिथे काळी चांदी सुटते. पण हा बदल घडवायची ताकद फक्त निळ्या-जांभळ्या बाजूच्या प्रकाशात. त्यामुळे फोटोत निळं आकाश पांढरंफटक यायचं आणि ढग त्यात हरवून जायचे. पिवळी फुलं काळी यायची. चेहऱ्यावरचे तांबूस डाग दुप्पट गडद दिसायचे. गाजलेल्या तैलचित्रांचे फोटो काढायचे तर विचारायलाच नको. चित्रात जे झळाळतं ते फोटोत बुडायचं आणि जे मागे असतं ते पुढे यायचं. फोटोग्राफर मंडळी हाताने निगेटिव्हवर रंगकाम करून वेळ मारून नेत.

शास्त्रज्ञांनी तर या अडचणीचा नियमच करून टाकला होता. वर्णपटाची सरळ वाटणी करून टाकलेली : जांभळ्या टोकाकडचे किरण रासायनिक काम करणारे, पिवळे-लाल किरण रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय. पुस्तकात एकदा असं छापलं गेलं की मग कोणी फारसं तपासत नाही.

१८७३ चं ते रीडिंग

१८७३ साली फोगेल वर्णपटाचे फोटो घेत होते. सूर्यप्रकाश प्रिझममधून पाठवायचा, त्याचा पट्टा प्लेटवर पाडायचा आणि कुठपर्यंत काळेपणा येतो ते पाहायचं. प्लेट तपासायची ही उत्तम रीत. सूर्याच्या वर्णपटात फ्राउनहोफर रेषा आयत्याच असतात, त्यामुळे मोजपट्टीचीही सोय होते. यातली एफ रेषा निळसर भागात, तर ई रेषा हिरव्या भागात. थिअरीप्रमाणे एफपाशी काळेपणा जास्त आणि ईपाशी जवळजवळ शून्य यायला हवा.

त्यांच्याकडे इंग्लंडहून आलेल्या काही तयार कोरड्या प्लेट होत्या, कर्नल स्टुअर्ट वॉर्टली यांच्या पद्धतीच्या. त्यांच्यावर उलटंच घडलं. हिरव्या ई रेषेपाशी काळेपणा जास्त आला, निळसर एफपाशी कमी. नियमाप्रमाणे निष्क्रिय असलेला हिरवा प्रकाश तिथे निळ्यापेक्षा जोरात काम करत होता.

प्रॅक्टिकलला असं रीडिंग आलं की आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. कनेक्शन लूज असेल, उपकरण जुनं असेल, बॅच खराब असेल, शंभर कारणं तयार असतात. फोगेल यांनाही प्लेट विकतची आहे, काहीतरी भेसळ असेल, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्यांनी प्रश्न वेगळा विचारला. भेसळ असेल तर नेमकी कशाची?

प्लेटचा थर पिवळसर दिसत होता. काचेच्या मागच्या बाजूने प्रकाश परतून चित्राभोवती जे धूसर वलय तयार होतं, ते टाळण्यासाठी बनवणाऱ्याने त्यात रंग मिसळला होता. फोगेल यांनी प्लेट अल्कोहोल आणि पाण्याने धुऊन तो रंग काढून टाकला आणि पुन्हा वर्णपट घेतला. हिरव्या प्रकाशाची जाणीव गायब! म्हणजे करामत सिल्व्हर ब्रोमाइडची नव्हती, रंगाची होती.

आता खरी परीक्षा. रंगामुळे हे होत असेल तर मुद्दाम दुसरा रंग घालून दुसऱ्या ठिकाणी परिणाम दिसायला हवा. त्या सुमारास कापड उद्योगासाठी कोळशाच्या डांबरापासून बनवलेले नवनवे कृत्रिम रंग बाजारात येत होते, त्यामुळे मालाला तोटा नव्हता. त्यांनी कोरॅलिन नावाचा रंग वापरला, तो पिवळा-हिरवा प्रकाश शोषतो. प्लेटला पिवळा दिसू लागला. मग लाल प्रकाश शोषणारा ॲनिलिन ग्रीन वापरला. प्लेट लाल भागातही काम करू लागली. रंग जो प्रकाश शोषतो, नेमक्या त्याच प्रकाशाला प्लेट जागी होते. एका ओळीचा नियम, आणि त्याच्या पोटात अख्खी रंगीत फोटोग्राफी.

१८७३ च्या अखेरीस त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. पुढे निळी रेशमी फीत पिवळ्या पार्श्वभूमीवर ठेवून त्यांनी फोटो काढले. साध्या प्लेटवर फीत पांढरी आणि मागचा पिवळा रंग काळा. रंग घातलेली प्लेट आणि भिंगापुढे पिवळी काच वापरली की फीत गडद आणि मागचा पिवळा उजळ, म्हणजे डोळ्यांना दिसतं तसं.

विरोध

एवढा स्वच्छ प्रयोग म्हटल्यावर सगळ्यांनी लगेच मान डोलावली असेल, असं वाटतं. तसं झालं नाही. बेल्जियमचे फान मोंकहोवेन आणि अमेरिकेतले कॅरी ली ही त्या क्षेत्रातली वजनदार माणसं. त्यांच्या हाती हा परिणाम लागला नाही, आणि त्यांनी फोगेल यांच्या निष्कर्षांवर शंका घेतली. कॅरी ली हे काही सोमेगोमे नव्हते, चांदीच्या संयुगांवर त्यांचं स्वतःचं काम मोठं आहे.

चूक कुठे होत होती? या प्रयोगात मात्रेला फार महत्त्व आहे. रंग अगदी थोडा हवा, आणि तो सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणाला चिकटायला हवा. जास्त ओतला तर तो थरात फिल्टरसारखा पसरतो आणि कणापर्यंत पोचण्याआधीच प्रकाश खाऊन टाकतो. म्हणजे ज्या रंगाने प्लेटला डोळे द्यायचे, तोच तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो. शिवाय सगळेच रंग चालत नाहीत. प्रकाश शोषणं आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

१८७४ मध्ये पॅरिसच्या एडमोंद बेकरेल यांनी पानांतलं हरितद्रव्य वापरून हाच परिणाम दाखवला. हरितद्रव्य लाल प्रकाशात जिथे शोषण करतं, तिथेच प्लेट जागी झाली. हे बेकरेल म्हणजे रेडिओॲक्टिव्हिटीवाल्या हेन्री बेकरेल यांचे वडील. त्यांच्या साक्षीने फोगेल यांची बाजू भक्कम झाली.

निकोबार आणि कलकत्ता

या कथेत भारतही येतो. फोगेल यांना सूर्यग्रहणांचं वेड होतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या प्रसिद्ध खग्रास ग्रहणासाठी ते जर्मन मोहिमेबरोबर एडनला गेले होते. तीच सावली पुढे अरबी समुद्र ओलांडून आपल्या कोकण किनाऱ्यावर आली आणि जमखंडीवरून गुंटूरकडे गेली, जिथे जान्सेन दुर्बीण लावून बसले होते. हेलियमच्या शोधाची सुरुवात ज्या ग्रहणाशी जोडली जाते, तेच हे ग्रहण.

१८७५ च्या एप्रिलमध्ये फोगेल इंग्रजांच्या मोहिमेबरोबर निकोबारच्या कामोर्टा बेटावर आले. एवढा समुद्रप्रवास, एवढी तयारी, आणि ऐन ग्रहणाच्या वेळी ढग! मोहीम वाया गेली. पण त्याच तळावर कलकत्त्याहून आलेले कॅप्टन जेम्स वॉटरहाऊस होते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कलकत्त्यातल्या फोटोग्राफी विभागाचे ते प्रमुख. नकाशे छापण्यासाठी फोटोग्राफी वापरणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांनीही रंगांवर प्रयोग केले आणि १८७५-७६ च्या सुमारास इओसिन हा गुलाबी रंग प्लेटला हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची उत्तम जाणीव देतो, हे दाखवून दिलं. पुढची अनेक वर्षं बाजारातल्या प्लेट इओसिन आणि त्याच्या भाऊबंदांवरच चालल्या. म्हणजे या शोधातला एक महत्त्वाचा टप्पा कलकत्त्यात पार पडला.

मास्तर

फोगेल यांची आणखी दोन कामं आपल्या ओळखीच्या गोष्टींशी जोडलेली आहेत.

पहिलं काम हायड्रोजनचं. १८७९ मध्ये त्यांनी हायड्रोजनच्या वर्णपटाचे फोटो घेऊन अतिनील भागातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषा टिपल्या. १८८५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बामर या शाळामास्तरांनी दिसणाऱ्या चार रेषांवरून आपलं सूत्र बसवलं. ते सूत्र पुढेही चालतं का, हे पाहायला त्यांनी फोगेल आणि हगिन्स यांनी मोजलेल्या रेषा घेतल्या. सूत्र बसलं. फर्स्ट इयरला जी बामर सिरीज आपण घोकतो, तिच्या पडताळणीत या फोटोंचा असा वाटा आहे.

दुसरं काम एका विद्यार्थ्याचं. १८८२ मध्ये अमेरिकेहून आलेला अल्फ्रेड स्टिग्लिट्झ नावाचा मुलगा तिथे मेकॅनिकल इंजिनिअरिंगला दाखल झाला. फोगेल यांच्या तासाला बसू लागला आणि हळूहळू मेकॅनिकल मागे पडलं. दिवसदिवस तो लॅबमध्येच. पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्याने फोटोग्राफीला कलेचा दर्जा मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचलं. आज जगातल्या थोर छायाचित्रकारांत त्याचं नाव घेतात. ब्रँच चुकली म्हणून हळहळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. ब्रँच कुठलीही असली तरी योग्य लॅबचं दार उघडं सापडायला हवं, आणि ते उघडं ठेवणारा मास्तर हवा.

गुपित आणि बाजार

आता थोडी दुसरी बाजू. फोगेल संत नव्हते. १८८० च्या आसपास कलोडियन मागे पडून जिलेटिनच्या कोरड्या प्लेट बाजारात आल्या. इओसिन घातलेल्या जिलेटिन प्लेटचं पेटंट फ्रान्समध्ये आतू-ताय्फेर आणि क्लेटन यांनी घेतलं. मूळ तत्त्व आपलं आणि पेटंट दुसऱ्याचं, हे फोगेल यांना कसं पचणार? बरीच वादावादी झाली. १८८४ मध्ये त्यांनी अ‍ॅझालिन नावाचं मिश्रण आणलं. त्याने प्लेटला हिरवा-पिवळाच नव्हे तर नारिंगी-लाल भागही बऱ्यापैकी दिसू लागला. पण कृती त्यांनी गुप्त ठेवली. पुढे कळलं की ते क्विनोलिन रेड आणि सायानिन या दोन रंगांचं मिश्रण होतं. ज्या माणसाने घराण्याची गुपितं मोडून फोटोग्राफीचं शास्त्र बनवलं, त्यालाही शेवटी एक गुपित राखावंसं वाटलं! म्युनिकच्या ओबरनेटर यांच्याबरोबर त्यांनी इओसिन-सिल्व्हर प्लेट विकसित केली, तीही पेरुट्झ कंपनीमार्फत बाजारात आली. इकडे व्हिएन्नात योसेफ मारिया एडर यांनी १८८४ मध्ये इरिथ्रोसिन हा इओसिनचाच भाऊ शोधून काढला, आणि हिरव्या-पिवळ्यासाठी तोच सर्वांत उपयोगी ठरला.

या प्लेटना ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे योग्य रंग दाखवणाऱ्या, असं भारदस्त नाव मिळालं. प्रत्यक्षात लाल त्यांनाही दिसत नव्हता. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता यायचं, आणि म्हणूनच वाड्यातल्या फोटोंतलं कुंकू काळंच राहिलं.

छपाईच्या क्षेत्रातही फोगेल यांनी एक तत्त्व मांडलं. तिरंगी छपाईत प्लेटला ज्या रंगाने जाग आणली, त्याच्याशी शोषणात जुळणारी शाई वापरावी. १८९० च्या दशकात त्यांचा मुलगा एर्न्स्ट याने न्यूयॉर्कच्या विल्यम कुर्ट्झ यांच्याबरोबर तिरंगी छपाईचं तंत्र व्यवहारात उतरवलं. १७ डिसेंबर १८९८ रोजी फोगेल वारले. वय ६४.

पण हे होतं कसं?

फोगेल यांनी काय होतं ते अचूक सांगितलं. का होतं, हे मात्र त्यांना पूर्ण सांगता आलं नाही. त्यांची कल्पना अशी : रंग प्रकाश पकडतो आणि त्याची स्पंदनं शेजारच्या सिल्व्हर ब्रोमाइडला देतो. शिवाय सुटणारं ब्रोमीन शोषून घेणारं काहीतरी तिथे असावं लागतं. इंग्लंडच्या ॲबनी यांचं म्हणणं निराळं. त्यांच्या मते प्रकाशाने आधी रंगाचंच विघटन होतं आणि जे उरतं त्यामुळे डेव्हलपरमध्ये चांदी सुटायला लागते. म्हणजे रंग स्वतः जळतो आणि ठिणगी देतो. एडर यांनी भर दिला तो रंग कणाला चिकटण्यावर. प्लेट जिथे सर्वाधिक जागी होते ती जागा, रंगाच्या द्रावणाच्या शोषणापेक्षा थोडी लाल बाजूला सरकलेली असते. चिकटलेल्या रंगाचं शोषण वेगळं असतं, त्याचाच हा पुरावा.

वाद मिटेना, कारण तेव्हा इलेक्ट्रॉन माहीत नव्हता, क्वांटम माहीत नव्हता. हातातली हत्यारंच अपुरी होती. १९३८ मध्ये ब्रिस्टलच्या गर्नी आणि मॉट यांनी फोटोग्राफीची इलेक्ट्रॉन-थिअरी मांडली. प्रकाशाचा कण सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन मोकळा करतो, तो एका जागी अडकतो, तिथे चांदीचा आयन येऊन चांदीचा अणू बनतो. असे थोडे अणू जमले की डेव्हलपरचं काम सोपं.

आता हिशोब करून बघा. सिल्व्हर ब्रोमाइडमध्ये इलेक्ट्रॉन वर उचलायला सुमारे २.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ई रेषेच्या हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५२७ नॅनोमीटर, म्हणजे ऊर्जा सुमारे २.३५. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाची तर १.९ च. म्हणजे निळ्यापलीकडे काचेचं आंधळेपण हा नुसता स्वभाव नव्हता, तो हिशोबच होता. मग रंग हा हिशोब चुकवतो कसा?

दोन शक्यता. समजा तुम्हाला वडापाव हवाय. मित्र तुम्हाला पैसे देईल, तुम्ही जाऊन घ्यायचा. किंवा मित्र त्याच्याजवळचा वडापावच तुमच्या हातावर ठेवेल. पहिला मार्ग ऊर्जा देण्याचा, दुसरा इलेक्ट्रॉन देण्याचा. पहिल्या मार्गात अडचण उघड आहे : मित्राकडे पैसे १.९ आणि वडापाव २.६ चा. स्फटिकात वाटेत एखादी सवलतीची पायरी असेल तरच जमेल. दुसऱ्या मार्गात मात्र रंगाचा इलेक्ट्रॉन मुळातच वरच्या पायरीवर उभा असतो. १.९ ची उडी मारली की तो थेट स्फटिकाच्या वरच्या मजल्यावर पोचतो.

दोन्ही बाजूंनी पुरावे आले. १९४७ मध्ये कोडॅकच्या वेस्ट आणि कॅरोल यांनी दाखवलं की रंग चढवलेल्या स्फटिकात, फक्त रंगच शोषेल असा प्रकाश टाकला तरी विद्युतवहन होतं. १९६० च्या दशकात जर्मनीतल्या कुन यांनी रंग आणि सिल्व्हर ब्रोमाइड यांच्यामध्ये मेदाम्लाचे रेणूजाड थर ठेवले, आणि मध्ये अंतर असूनही परिणाम मिळाला. म्हणजे ऊर्जेचा मार्गही अगदीच बंद नाही. पुढच्या मोजमापांतून असं ठरलं की प्रत्यक्ष फिल्ममध्ये मुख्य मार्ग इलेक्ट्रॉन देण्याचाच. ॲबनींची कल्पना मात्र टिकली नाही. एकाच रंगरेणूमागे चांदीचे अनेक अणू तयार होऊ शकतात असं आढळलं. रंग जळून संपत असता तर हे शक्यच नव्हतं. तो इलेक्ट्रॉन देतो, त्याची जागा भरून निघते आणि तो पुन्हा कामाला लागतो. फोगेल यांची ब्रोमीन शोषणाची कल्पना शब्दशः बरोबर नव्हती, पण इलेक्ट्रॉन गेल्यावर मागे उरलेल्या पोकळीचं काहीतरी करावं लागतं, हे त्यांनी त्यांच्या भाषेत हेरलं होतं.

पुढे काय झालं

फोगेल यांच्या जागी १८९९ मध्ये आडोल्फ मिटे आले. त्यांनी ट्राउबे यांच्याबरोबर १९०२ मध्ये एथिल रेड हा रंग आणला, आणि रशियाचे प्रोकुदिन-गोर्स्की तेच तंत्र शार्लोटेनबुर्गला शिकून गेले. झारच्या रशियाचे त्यांचे रंगीत फोटो आजही लोकांना थक्क करतात. मग होमोल्का यांचा पिनासायानॉल आला आणि लाल रंग खऱ्या अर्थाने काचेला दिसू लागला. १९०६ मध्ये लंडनजवळच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सर्व रंग दिसणाऱ्या, प्लेट बाजारात आणल्या. पहिल्या महायुद्धात विमानातून फोटो घेण्यासाठी अशा प्लेटना महत्त्व आलं, आणि तोवर जर्मनांच्या हातात असलेले हे रंग केंब्रिजमध्ये पोप आणि मिल्स यांनी बनवायला घेतले. नंतरची रंगीत फिल्म, रंगीत सिनेमा, सगळं या रंगांच्या जोरावरच.

आज बहुतेक फोटो सिलिकॉनच्या सेन्सरवर निघतात, त्याला हा खटाटोप लागत नाही. मग फोगेल यांचा नियम इतिहासजमा झाला का? मुळीच नाही. १८८७ मध्येच व्हिएन्नाच्या जेम्स मोझर यांनी दाखवलं होतं की चांदीच्या संयुगाच्या इलेक्ट्रोडवर इरिथ्रोसिन चढवलं की प्रकाशातून मिळणारा विद्युतप्रवाह वाढतो. १९९१ मध्ये लोझानच्या ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर रंग चढवून सोलर सेल बनवला, कार्यक्षमता सुमारे ७ टक्के. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ती पावडर. ऊर्जेची दरी सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे दृश्य प्रकाशाला जवळपास पूर्ण आंधळी. तिला डोळे दिले रंगाने. अडचण तीच, उपाय तोच, फक्त आता चित्राऐवजी वीज. इलेक्ट्रॉन दिल्यावर रंगाची जागा भरायला तिथे आयोडीनचं द्रावण असतं. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी डाळिंबाच्या किंवा जांभळाच्या रसाने असा सेल बनवणारे विद्यार्थी अनेक कॉलेजांत सापडतील. त्यांच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर फोगेल यांचं नाव यायला हवं.

मला या चरित्रातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही : फोगेल यांना का हे माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी काय दिसलं ते नाकारलं नाही. प्लेट धुऊन पाहिली, रंग बदलून पाहिला, मोठ्या नावांचा विरोध झाला तरी वर्णपटाच्या त्या काळ्या पट्ट्यावर विश्वास ठेवला. उत्तर त्यांच्या मृत्यूनंतर ४० वर्षांनी मिळायला सुरुवात झाली. तोवर त्यांच्या नियमावर कारखाने उभे राहिले होते आणि काचेला लालसुद्धा दिसू लागला होता. तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला ग्राफवरचा एखादा बिंदू रेषा सोडून भलतीकडेच बसला, तर खोडरबर हातात घेण्याआधी एकदा प्लेट धुऊन बघायला काय हरकत आहे?